हरणांची गव्हाण : अल्प खर्चाचा उपाय आणि त्याच्या मर्यादा

कोलकात्यातील बेहाला उपनगरातून डायमंड हार्बर मार्गाने उत्तरेकडे निघाल्यास थोड्याच अंतरावर अलिपूरचे प्राणिसंग्रहालय लागते. १८७६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत चितळांबरोबरच मणिपूरच्या दुर्मीळ संगाई हरणांचेही संगोपन झाले आहे. कुंपणापाशी आलेल्या हरणाला पाव किंवा बिस्किट द्यावे, असा मोह प्रेक्षकाला होतोच. तथापि, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे अन्वये प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना प्रेक्षकांनी खाऊ घालण्यास मनाई आहे.

या मनाईमागील कारण शरीरशास्त्रीय आहे. हरीण हा रवंथ करणारा प्राणी असून त्याच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव गवत व पाला यांचे पचन घडवून आणतात. पिष्टमय अन्न एकदम व अधिक प्रमाणात पोटात गेल्यास तेथील आम्लता वाढते आणि प्रसंगी प्राणी दगावतो. त्यामुळे खुराक द्यावयाचाच झाल्यास तो थोड्या प्रमाणापासून, हळूहळू वाढवीत द्यावा लागतो.

बंदिस्त मृगोद्यानात चारा कसा मांडला जातो, यालाही तितकेच महत्त्व आहे. जमिनीवर टाकलेला चारा तुडवला जातो, लेंड्या व मूत्र यांनी दूषित होतो आणि त्यातून जंतांचा प्रसार होतो. यावर साधी गव्हाण पुरेशी ठरते व ती स्थानिक साहित्यातून तयार करता येते. प्लास्टिकचे जुने पिंप उभे चिरून दोन पन्हळी कराव्यात. त्यात पूर्वी रसायन साठविलेले नसावे. कापलेल्या कडा घासून बोथट कराव्यात, तळाशी पाणी निचरण्यासाठी छिद्रे पाडावीत आणि पन्हळ बांबूच्या किंवा लाकडाच्या चौकटीवर हरणाच्या छातीच्या उंचीला घट्ट बसवावी. वर उतरते छप्पर हवेच. बंगालच्या दमट हवेत भिजलेल्या धान्याला लवकर बुरशी येते आणि काही बुरशींचे विष यकृताला अपायकारक असते. तार, जाळी व लोंबती दोरी मात्र कटाक्षाने टाळावी, कारण नराची शिंगे त्यात अडकतात. एकच मोठी गव्हाण बांधण्यापेक्षा अनेक लहान गव्हाणी अंतराअंतराने ठेवणे श्रेयस्कर. अन्यथा बलवान नर ती अडवून धरतात आणि माद्या व पाडसे उपाशी राहतात. शेजारी खनिजयुक्त मिठाची वीट टांगली की काम झाले. अर्थात, हे सर्व मान्यताप्राप्त उद्यानांपुरतेच. चितळ घरी पाळणे कायद्याला मान्य नाही.

हीच गव्हाण रानात नेली की प्रश्नाचे स्वरूप पालटते. परदेशांत काही ठिकाणी शिकारी अशी खाद्यपात्रे हरणांना एका जागी खेचण्यासाठी वापरतात. आपल्या अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत मारणे व पकडणे यांबरोबरच आमिष दाखविण्याचाही समावेश आहे, ही बाब परीक्षार्थींनी आवर्जून लक्षात ठेवावी. शिवाय एकाच जागी जमलेल्या कळपात रोग झपाट्याने पसरतो, तो निराळाच.

मग रानातील हरणांचे पोषण कसे साधावे? कान्हा येथे १९७० मध्ये बारशिंग्यांची संख्या अवघी ६६ होती. तेथे खाद्यपात्रे मांडण्यात आली नाहीत. कुरणांची निगा, गावांचे स्थलांतर आणि संरक्षित कुंपणातील प्रजनन यांवर भर देण्यात आला व संख्या सावरली.

संगाईचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७५ च्या हवाई पाहणीत हा प्राणी केवळ १४ इतकाच आढळला होता. २०१६ च्या गणनेत ही संख्या २६० झाली. त्याचे नैसर्गिक आश्रयस्थान म्हणजे लोकटक सरोवराच्या काठचे केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान. येथील जमीन म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा तरंगता थर, फुमडी. त्यावर उगवणारे गवत हीच संगाईची गव्हाण होय. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरले की फुमडी तळाशी टेकत असे आणि तिच्यातील वनस्पतींची मुळे मातीतून पोषकद्रव्ये घेत. १९८३ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई बंधारा कार्यान्वित झाला, पाण्याची पातळी वर्षभर उंच राहू लागली आणि फुमडीचे हे टेकणे मोठ्या प्रमाणात थांबले. थर पातळ होत गेल्याने काही भागांत तो हरणाचे वजनही पेलेनासा झाला. १९९३ मध्ये लोकटकची नोंद रामसर कराराखालील मॉन्ट्रो नोंदवहीत, म्हणजे परिस्थिती बिघडत असलेल्या पाणथळ जागांच्या यादीत, करण्यात आली. अलिपूरच्या कुंपणातील संगाईला चारा माणूस पुरवू शकतो. लोकटकमधील संगाईचा चारा मात्र बंधाऱ्याचे दरवाजे केव्हा व किती उघडतात, यावर अवलंबून आहे.