विश्लेषण : वॉकीटॉकी उघडून त्याच्या ‘मेंदू’ला तारा का जोडतात?

‘क्वानशेंग यूव्ही-के५’ हा खिशात मावणारा चिनी वॉकीटॉकी २०२३ पासून जगभरातील हौशी रेडिओचालकांच्या प्रयोगाचे साधन बनला आहे. अनेक जण तो विकत घेऊन आधी बोलण्यासाठी नव्हे, तर उघडण्यासाठी हातात घेतात. आत ते नेमके काय करतात?

हाच संच का?

यातील मुख्य नियंत्रक चिप ‘डीपी३२जी०३०’ ही एआरएम कॉर्टेक्स-एम० गाभ्याची आहे. तिच्यात ६४ केबी फ्लॅश आणि १६ केबी रॅम असते. प्रत्यक्ष रेडिओचे काम ‘बीके४८१९’ ही वेगळी चिप करते. २०२३ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने कंपनीच्या फर्मवेअरचा उलगडा करून त्याची मुक्त आवृत्ती खुली केली. तेव्हापासून स्पेक्ट्रम दाखवणारी, नवा मेनू देणारी अनेक फर्मवेअर तयार झाली.

केबल असताना तारा कशाला?

फर्मवेअर बदलायला संच उघडावा लागत नाही. पीटीटी बटण दाबून संच सुरू केला की तो फ्लॅश मोडमध्ये जातो आणि हेडसेटच्या सॉकेटला लावलेल्या केबलमधून नवे फर्मवेअर भरता येते. मात्र ते मध्येच अडकले, तर का अडकले हे या मार्गाने नीट कळत नाही. त्यासाठी सर्किट बोर्डवरील ‘एसडब्ल्यूडी’ बिंदूंना तारा जोडतात : एक डेटाची, एक क्लॉकची आणि एक ग्राउंडची. दुसऱ्या टोकाला एसटी-लिंक किंवा रास्पबेरी पाय पिकोसारखे साधन असते. मग लॅपटॉपवरून प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो, एकेक पाऊल पुढे नेता येतो आणि मेमरीत काय साठले आहे ते पाहता येते.

उघडताना काय सांभाळायचे?

बॅटरी, अँटेना आणि आवाजाची खुंटी आधी काढली जाते. आतील धातूचा सांगाडा झटक्याने ओढला, तर स्पीकरच्या बारीक तारा तुटतात. डाग देताना बॅटरी लावलेली नसावी, ७.४ व्होल्टच्या लिथियम बॅटरीचे शॉर्ट सर्किट झाले तर बोर्ड जळू शकतो.

खरा धोका कुठे?

पहिला धोका कॅलिब्रेशनचा. प्रत्येक संचाची जुळणी वेगळी असते आणि ती ८ केबीच्या वेगळ्या ईप्रॉममध्ये साठवलेली असते. ती पुसली गेली, तर दुसऱ्या संचाची माहिती टाकून अचूक जुळणी परत येत नाही. म्हणून पहिले काम बॅकअपचे.

दुसरा बूटलोडरचा. फ्लॅशमधील पहिल्या ४ केबीत तो असतो. एसडब्ल्यूडीने संपूर्ण चिप पुसली की तोही जातो आणि केबलचा सोपा मार्ग बंद होतो.

तिसरा सहसा लक्षात येत नाही. प्रक्षेपण सुरू असताना प्रोग्राम थांबवला, तरी रेडिओची चिप वेगळी असल्याने ती थांबत नाही. सुमारे पाच वॅटचे प्रक्षेपण सुरूच राहते. त्यामुळे चाचणीवेळी अँटेनाऐवजी ५० ओहमचा ‘डमी लोड’ लावतात. काहीच न लावता प्रक्षेपण केले, तर ॲम्प्लिफायर निकामी होऊ शकतो.

भारतात चालते का?

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या ठरावीक संचांना परवान्यातून सूट आहे. यूव्ही-के५ त्या मर्यादेत बसत नाही. हौशी रेडिओसाठी परीक्षा देऊन दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि बोलणेही हौशी पट्ट्यांतच करावे लागते. बदललेले फर्मवेअर इतर फ्रिक्वेन्सीही खुल्या करू शकते. वैमानिकांचे संभाषण चालते ती ११८ ते १३७ मेगाहर्ट्झची पट्टी यापासून फार दूर नाही. तिथे चुकून गेलेला आवाज हा प्रयोग राहत नाही, तो गुन्हा ठरू शकतो.

म्हणून जाणकारांचा क्रम ठरलेला असतो : आधी परवाना, मग बॅकअप, मग डमी लोड आणि सोल्डरिंग गन सगळ्यात शेवटी.