फक्त दोनच ड्यूसेनबर्ग

1935 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात दोन मोटारी तयार झाल्या. दोन्ही गेल्या सिनेनटांकडे: एक गॅरी कूपरकडे, दुसरी क्लार्क गेबलकडे. तिसरी कधी झालीच नाही. ड्यूसेनबर्ग एसएसजे या नावाने जुन्या मोटारींचे शौकीन त्यांना ओळखतात. कंपनीने स्वतः मात्र हे नाव कधी लावलं नव्हतं.

फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू मूळचे जर्मनीचे, शर्यतींचे वेडे. 1921 ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्याच गाडीने मारली. पुढे उद्योगपती ई. एल. कॉर्डने त्यांची कंपनी विकत घेतली आणि 1928 च्या डिसेंबरात ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आलं. आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व्ह, 265 अश्वशक्ती! पण खरी गंमत डॅशबोर्डवर होती. दर 700 मैलांनी एक दिवा लागायचा, ऑइल बदला म्हणून. 1,400 मैलांनी दुसरा, बॅटरीतलं पाणी बघा म्हणून. त्या काळी एवढी काळजी दुसरी कुठली गाडी घेत होती?

कंपनी विकायची ती चॅसी आणि इंजिन. बॉडी गिऱ्हाइकाने हवी त्या कारखान्यातून चढवून घ्यायची. नुसत्या चॅसीलाच 8,500 डॉलर पडत. मंदी आली आणि गिऱ्हाइकं आटली. तेव्हा लोकांचं लक्ष वेधण्यासाठी कंपनीने चाकांमधलं अंतर 142.5 इंचांवरून 125 वर आणलं, वर दोन सीटची हलकी बॉडी बसवली आणि गाड्या दोन्ही नटांना वापरायला दिल्या. बॉनेटखाली सुपरचार्जर, दोन कार्ब्युरेटर आणि मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या जाड नळ्या. ताकद 400 अश्वशक्ती सांगितली जाई. कूपरने आपली गाडी विकत घेऊन ठेवली, गेबलने ठेवली नाही.

त्याच सुमारास इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग तयार होत होती. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग नारिंगी आणि काळा. तीही वेगवान, तिलाही सुपरचार्जर. पण चाकांमधलं अंतर 153.5 इंच, म्हणजे कूपरच्या गाडीपेक्षा सव्वादोन फुटांहून जास्त! एकाच घराण्यातल्या या दोघींचे फोटो शेजारी ठेवून पाहावेत. होळकरांची गाडी रेषेसारखी लांबत जाते, कूपरची उडी मारायच्या बेतात दबून बसल्यासारखी दिसते.

एसएसजे पाहून मागण्या येतील, ही आशा फोल ठरली. 1937 मध्ये कंपनी बंद पडली. 2018 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात कूपरची गाडी 2 कोटी 20 लाख डॉलरना गेली. तोवर कुठल्याही अमेरिकन मोटारीला लिलावात एवढी किंमत आली नव्हती.