दगडफुलाची साक्ष

घरी गोडा मसाला करणाऱ्यांना दगडफूल चांगले ठाऊक असते. काळपट-राखाडी, वाळक्या पापुद्र्यासारखे आणि हातावर घेतले तरी वजन जाणवू नये इतके हलके. नावात फूल असले तरी ते फूल नाही. इतकेच काय, ती एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवल या दोन निराळ्या जिवांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शैवल उन्हात अन्न तयार करते. शास्त्रीय मराठीत याला शैवाक म्हणतात. याच्या हजारो जाती जगभर आढळतात. ध्रुवीय प्रदेशात, जिथे झाड तग धरू शकत नाही, तिथे खडकांवर आणि माळांवर शैवाकांचेच राज्य असते. सोबतीला असते मॉस, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या भिंतींवर हिरव्या मखमलीसारखे पसरणारे शेवाळ.

अणुबॉम्बच्या चाचण्यांतून आणि अणुभट्टीच्या अपघातांतून जी किरणोत्सारी धूळ जगभर पसरली, तिचा माग काढताना शास्त्रज्ञ ध्रुवांजवळ जाऊन हेच दगडफूल आणि हेच मॉस गोळा करतात. का, ते समजून घेण्यासारखे आहे.

गहू, ज्वारी किंवा आंब्याचे झाड आपले पोषण मुळांवाटे जमिनीतून घेते. दगडफुलाला मुळे नसतात. मॉसलाही खरी मुळे नसतात. पाऊस, बर्फ, धुके आणि वाऱ्यावर येणारी धूळ यांतून जे मिळेल त्यावर ही मंडळी जगतात. हवेतले क्षार ती सर्वांगाने शोषून घेतात. त्यात चांगले-वाईट निवडण्याची सोय नसते. शिवाय दगडफूल अतिशय सावकाश वाढते आणि अनेक दशके जगते. झाडाची पाने दर वर्षी गळतात. दगडफुलाचे तसे नसते. एकदा अंगात मुरलेले ते वर्षानुवर्षे सांभाळून ठेवते.

कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ एव्हिल गोरहॅम यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील वनस्पती तपासल्या. फुले येणाऱ्या वनस्पतींपेक्षा मॉस आणि दगडफुलात किरणोत्सारी धूळ कितीतरी अधिक साठलेली त्यांना आढळली. तेव्हा अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन उघड्या हवेत अणुचाचण्या करत होते. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तर आर्क्टिकमधील नोव्हाया झेमल्या या बेटावर सोव्हिएत संघाने ५० मेगाटनांचा, आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब उडवला.

या धुळीतले दोन घटक विशेष घातक: स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७. शरीराला स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून ते हाडांत जाऊन बसते. सीझियम पोटॅशियमसारखे वाटते, म्हणून ते स्नायूंत, म्हणजे मांसात पसरते. सीझियम-१३७ चा अर्धायुष्यकाल सुमारे ३० वर्षे आहे. याचा अर्थ आज जेवढे आहे त्याच्या निम्मे ३० वर्षांनी उरेल, आणि पाव हिस्सा ६० वर्षांनी.

इथे एक कोडे निर्माण झाले. ही धूळ मुख्यतः पावसाबरोबर खाली येते. आर्क्टिकमध्ये पाऊस आणि बर्फ कमीच पडतो. त्यामुळे तिथल्या जमिनीवर ही धूळ समशीतोष्ण प्रदेशापेक्षा कमी पडली होती. तरीही १९६० च्या दशकात माणसांच्या अंगातले सीझियम मोजले, तेव्हा ते शहरवासीयांपेक्षा आर्क्टिकच्या रहिवाशांत अनेक पटींनी जास्त निघाले. कमी पडले तिथे जास्त कसे साठले?

उत्तर दगडफुलात होते. हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडिअर दगडफूल खातो. त्या महिन्यांत त्याचा तोच मुख्य चारा. एक जनावर मोठा माळ चरून काढते, म्हणजे तेवढ्या क्षेत्रावर पडलेले सीझियम त्याच्या मांसात गोळा होते. आणि उत्तर स्कँडिनेव्हियाचे सामी लोक, अलास्कातील इनुपियाट लोक यांचे मुख्य अन्न म्हणजे रेनडिअरचे किंवा त्याच्याच जातीच्या रानटी कॅरिबूचे मांस. दगडफूल, रेनडिअर, माणूस: साखळी एवढीच, तीन कड्यांची. स्वीडनचे कुर्ट लिडेन यांनी १९६१ मध्ये सामी लोकांच्या शरीरातील सीझियमची मापे प्रसिद्ध केली.

अलास्कात तर याला आणखी एक पदर होता. केप थॉम्पसनजवळ अणुस्फोटांनी जमीन खोदून बंदर तयार करण्याची ‘प्रोजेक्ट चॅरियट’ नावाची योजना अमेरिकेने १९५८ मध्ये मांडली होती. तिच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम प्रुइट या प्राणिशास्त्रज्ञाने दगडफूल आणि कॅरिबू यांच्या साखळीकडे बोट दाखवले. जवळच्या पॉइंट होप गावच्या इनुपियाट लोकांनीही कडाडून विरोध केला. १९६२ मध्ये योजना बासनात गेली, पण प्रुइट यांना विद्यापीठातील नोकरी गमवावी लागली. १९९३ मध्ये त्याच अलास्का विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१९६३ च्या मॉस्को करारानंतर तिन्ही देशांनी उघड्या हवेतील चाचण्या थांबवल्या. पुढे आर्क्टिकवासीयांच्या अंगातले सीझियम हळूहळू उतरू लागले. प्रश्न संपला असे वाटत असतानाच २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. त्या दिवसांत जिथे जिथे पाऊस पडला, तिथे तिथे धूळ उतरली. मध्य नॉर्वे आणि स्वीडनमधली सामी लोकांची कुरणे नेमकी त्यात सापडली.

रेनडिअरचे मांस विकता येईना. हजारो जनावरांचे मांस फेकून द्यावे लागले. नॉर्वेत मांसासाठी दर किलोला ६०० बेक्वेरेल ही मर्यादा होती. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणुकेंद्राचे विघटन. नोव्हेंबर १९८६ मध्ये रेनडिअरच्या मांसापुरती ती ६००० करण्यात आली. नॉर्वेचा सामान्य नागरिक हे मांस वर्षातून क्वचितच खातो, तेव्हा त्याला धोका नाही, हा त्यामागचा हिशेब. पण सामी कुटुंबाच्या ताटात हे मांस रोजचे. त्यांना किती वेळा खावे याचा सल्ला देण्यात आला आणि दुसरे अन्न विकत घेण्यासाठी भरपाईही. ज्यांची भाषा, कपडे, सण सारे रेनडिअरभोवती गुंफलेले, त्यांना भरपाईने काय मिळाले आणि काय नाही, हे बेक्वेरेलमध्ये मोजता येत नाही. १९९४ मध्ये मर्यादा ३००० वर आणली गेली.

उपायही याच साखळीच्या ज्ञानातून निघाले. रेनडिअरच्या अंगातले सीझियम साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. म्हणून कत्तलीआधी काही आठवडे त्याला स्वच्छ चारा द्यायचा, किंवा दगडफुलाचा हंगाम सुरू होण्याआधीच कत्तल उरकायची. ‘प्रशियन ब्लू’ हे चित्रकारांच्या परिचयाचे निळे रंगद्रव्य सीझियमला पोटातच बांधून बाहेर काढते. तेही चाटण्याच्या मिठातून जनावरांना देण्यात आले.

दगडफूल केवळ किती धूळ पडली एवढेच सांगत नाही, ती कुठून आली हेही सांगते. अणुभट्टीतल्या सीझियममध्ये सीझियम-१३४ हा भाऊबंदही असतो. त्याचा अर्धायुष्यकाल अवघा दोन वर्षांचा. बॉम्बच्या धुळीत तो जवळजवळ नसतोच. १९८६ मध्ये घेतलेल्या नमुन्यांत दोघांचे प्रमाण सुमारे एकास दोन आढळले की ती चेर्नोबिलची खूण समजावी. 

दक्षिण ध्रुवाकडे या तंत्राने आणखी एक गोष्ट उघड केली. २१ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेचा एक उपग्रह कक्षेत पोहोचू शकला नाही. त्याच्यातल्या वीजसंचात सुमारे एक किलो प्लुटोनियम-२३८ होते. ते वातावरणात जळून गेले आणि बहुतांश दक्षिण गोलार्धात पसरले. पुढे पोलंडच्या संशोधकांनी अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलँड बेटांवरचे दगडफूल आणि मॉस तपासले, तेव्हा त्या प्लुटोनियमचे अंश त्यात सापडले. तिथे कारखाना नाही. भारताचे मैत्री केंद्र ज्या शिरमाकर परिसरात आहे, तिथेही खडकांवर हेच दोन जीव दिसतात. निर्मनुष्य जागा ही निर्लेप जागा नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

१९८६ मध्ये पडलेल्या सीझियमपैकी निम्म्याहून थोडे अधिक आता विघटित झाले आहे. बाकीचे अजून मातीत, मॉसमध्ये, दगडफुलात आहे. २०१४ मध्ये नॉर्वेत रानातल्या अळंब्या भरपूर आल्या, रेनडिअरनी त्या खाल्ल्या आणि मांसातले सीझियम पुन्हा एकदा वाढले.

ज्या गुणामुळे दगडफूल इतका भरवशाचा साक्षीदार ठरते, त्याच गुणामुळे ते विषाचे वाहकही ठरते. ते काही विसरत नाही आणि काही नाकारत नाही. बॉम्ब बनवणारे, भट्टी चालवणारे आणि उपग्रह सोडणारे दूर राहत होते. हिशेब मात्र ज्यांचा यांपैकी कशातच हात नव्हता, त्यांच्या ताटात उतरला. म्हणून कुठल्याही नव्या प्रकल्पाच्या सुरक्षिततेची सरासरी कोणी सांगू लागले, तर एक प्रश्न जरूर विचारावा: ही सरासरी कोणाच्या जेवणावरून काढली आहे?