सेतूवरचा इलेक्ट्रॉन

रुथेनियम हा प्लॅटिनमच्या कुळातील धातू. कझान येथे कार्ल क्लाउस यांनी तो १८४४ मध्ये शोधून काढला. दोन इलेक्ट्रॉन गमावलेली आणि तीन गमावलेली, अशा त्याच्या दोन्ही अवस्था चांगल्या टिकतात. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि मिळवणे म्हणजे क्षपण, हे शालेय वाचकांस ठाऊक असेलच.

आता अशा दोन अणूंमध्ये एखाद्या रेणूचा सेतू बांधला, आणि एकावर दोन, तर दुसऱ्यावर तीन धनभार येतील अशी योजना केली, तर तो अधिकचा इलेक्ट्रॉन कोणाचा समजावयाचा? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅरोल क्रॉइट्झ व हेन्री टाउबे यांनी १९६९ मध्ये असेच संयुग प्रसिद्धीस आणले. पायराझीन हा त्यातील सेतू. सहा अणूंच्या या कड्यात समोरासमोर दोन नायट्रोजन असून ते एकेका रुथेनियमला धरून राहतात. एकूण धनभार पाच. तो दोन आणि तीन असा वाटला गेला आहे, की अडीच-अडीच, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. आज बहुतेकांचा कौल अडीचकडे आहे. म्हणजे इलेक्ट्रॉन सामाईक. धातूंच्या संयुगांतील इलेक्ट्रॉन-संक्रमणाच्या अभ्यासाबद्दल टाउबे यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या हिशेबात सेतू केवळ वाट देणारा आहे. पण सेतूच इलेक्ट्रॉन ठेवून घेऊ लागला तर? मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत गौतम कुमार लाहिरी व त्यांचे सहकारी यांनी क्विनोन जातीचे व इतर अनेक सेतू योजून हाच प्रश्न हाती घेतला. समजा, एकूण धनभार तीन आहे. रुथेनियमांवर दोन व तीन आणि सेतूवर दोन ऋणभार धरले, तर बेरीज तीन. दोन्ही रुथेनियमांवर दोन-दोन आणि सेतूवर एकच ऋणभार धरला, तरीही तीनच! वही जुळली, पण व्यवहार कळला नाही.

द्रावणातील विद्युतदाब हळूहळू वाढवीत नेला की इलेक्ट्रॉन एकेक करून निघतात. दोन अणू परस्परांपासून अलिप्त असते, तर दोन्ही इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच दाबाला सुटले असते. पायराझीनच्या संयुगात त्यांत सुमारे ०.४ व्होल्टचे अंतर पडते. मात्र इलेक्ट्रॉन केव्हा गेला एवढेच यावरून कळते; कोठून गेला, ते नव्हे. त्यासाठी द्रावण गोठवून, चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर सूक्ष्मतरंग सोडतात. एकटा इलेक्ट्रॉन सेतूवर असेल तर मुक्त इलेक्ट्रॉनासारखा अरुंद संकेत उमटतो. रुथेनियमवर असेल तर तो संकेत पसरतो. लाहिरी आणि श्टुटगार्टचे वोल्फगांग काइम यांनी २००७ मध्ये अशा संयुगांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील काहींचा संकेत धड अरुंदही नाही आणि धड पसरटही नाही.