सेप्टिक टँकचे झाकण : निगा, दुरुस्ती आणि आपली जबाबदारी

मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेली गटारे विटांनी व दगडी फरश्यांनी झाकलेली होती आणि साफसफाईसाठी ही झाकणे उचलता येत. झाकण मजबूत हवे, तसेच ते उघडताही यायला हवे, हे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांना ठाऊक होते. आज जामनेर परिसरात आपल्या माजी विद्यार्थ्यांची पक्की घरे उभी राहिली, अंगणात सेप्टिक टँक आले. झाकणाकडे मात्र ते मोडेपर्यंत सहसा लक्ष जात नाही.

झाकण खालच्या बाजूने झिजते. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. झाकणाच्या ओलसर तळावरील जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खाते. मग सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. शिवाय आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. त्यामुळे टाकीच्या कडा हलतात आणि झाकणाचा आधार सुटतो. शहाबादी फरशीचे झाकण तर पूर्वसूचना न देता मोडते.

म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी. झाकणावर उभे न राहता काठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज, गंजाचे डाग, मध्यभागी आलेला झोल ही धोक्याची चिन्हे होत. केसासारखी बारीक भेग एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालाने बुजवता येते. परंतु सळई उघडी पडली असल्यास डागडुजी न करता नवे झाकण ओतावे.

दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड झाकणाचे वजन सुमारे 65 ते 70 किलो भरते. यापेक्षा मोठे झाकण हाताळणे कठीण. काँक्रीटचे प्रमाण एकास दीड, तीन ठेवावे. 8 मिलिमीटर सळयांची जाळी तळापासून सुमारे एक इंच वर बसवावी आणि उचलण्यासाठी दोन कड्या ठेवाव्यात. ताण खालच्या बाजूस येत असल्याने जाळी तिकडेच हवी; झाकण उलटे बसले तर ते दुबळे ठरते. म्हणून वरच्या बाजूवर खूण करावी. खानदेशच्या उन्हात ओले गोणपाट टाकून किमान दहा दिवस पाणी मारावे. सांधा चिकणमातीने किंवा कमी सिमेंटच्या मालाने बुजवावा, म्हणजे डासांना वाट मिळत नाही आणि झाकणही पुन्हा निघते. झाकणावर कायमची फरशी बसवू नये.

झाकण उघडताना दोन प्रौढ माणसे असावीत, मुलांना दूर ठेवावे, विडी-काडी पेटवू नये आणि आत वाकून पाहू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते; वास नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नव्हे. आत कोणी पडल्यास त्याच्यामागे उतरू नये. तत्काळ अग्निशमन दलास बोलवावे.

मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात टाकी साफ करताना पाच कामगार मृत्युमुखी पडले. हे काम कोणत्या जातींच्या वाट्याला जन्माने लादले गेले, हा इतिहास आपल्या समाजास सांगण्याची गरज नाही. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. सुरक्षा साधनांशिवाय कोणासही टाकी साफ करावयास लावणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा नियम घरमालकासही लागू आहे.

सहज उघडणाऱ्या झाकणातून उपसा गाडीची नळी आत जाते आणि टाकी दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने रिकामी होते. कायमचे बुजवलेले झाकण वर्षानुवर्षे उघडत नाही, मैला घट्ट बसतो आणि शेवटी कोणास तरी आत उतरविण्याचा विचार सुरू होतो. आपल्या अंगणातील झाकण नळीसाठी उघडावे, माणसासाठी कधीही नव्हे.