निकालाच्या दिवशी साइट का अडकते?

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता. वणी, पुसद, उमरखेड, झरी जामणी, सगळीकडून एकाच मिनिटाला साइट उघडायची घाई. तेव्हा सर्व्हरच्या पोटात काय चालतं?

एक मुख्य सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं सर्व्हरकडचं टोक, ४४३ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसलेलं असतं. ते स्वतः कुणाशी बोलत नाही. आलेल्या प्रत्येक कनेक्शनसाठी नवं सॉकेट उघडलं जातं. लिनक्समध्ये सॉकेट म्हणजे एक उघडी फाइलच, आणि एका प्रोसेसला सुरुवातीची मुभा सहसा १०२४ फाइलींची. ती वाढवायची राहिली की संपलंच!

खरी गंमत पुढे. रेंजची एकच काडी असेल तर गुणपत्रिका हळूहळू उतरते, आणि तेवढा वेळ सॉकेट अडकून राहतं. जुन्या पद्धतीत सोबत अख्खा थ्रेडही अडकायचा. मग लिनक्समध्ये एपोल आलं: कुठल्या सॉकेटवर हालचाल झाली तेवढंच कर्नल सांगतो. २००४ साली आलेलं एन्जिन-एक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर याच जोरावर एका प्रोसेसमध्ये हजारो कनेक्शनं सांभाळतं. मागे निकाल शोधून देणाऱ्या अ‍ॅपकडून उत्तर झटकन घेऊन त्याला मोकळं करतं. संथ मोबाइलला पुरवत बसायचं काम स्वतःकडे ठेवतं.

अन् गोल फिरतंय म्हणून सारखं रिफ्रेश करू नका राजेहो. आधीची विनंती सर्व्हरवर बरेचदा चालूच असते, तुम्ही वर दुसरी लावता.