जुन्या जावाची खतावणी

व्यापारी कुटुंबाच्या जुन्या वाड्यात, मागच्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेली एखादी मोटारसायकल आजही आढळते. आजोबांनी वसुलीसाठी तिच्यावरून आसपासची गावे पालथी घातलेली असतात. पुढे वाटण्या होतात. दुकान, जमीन, दागिने यांचे हिस्से ठरतात; गाडी मात्र कुणाच्याच नावावर जात नाही. मग एके दिवशी भंगारवाला वजनाचा भाव सांगतो किंवा एखादा हौशी ग्राहक त्याहून कितीतरी मोठी रक्कम पुढे करतो. दोन्ही वेळी त्या गाडीच्या जमाखर्चाची घरच्यांना कल्पना नसते.

अशा गाड्यांमध्ये जावाचे स्थान वेगळे आहे. प्रागच्या यानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीची रचना विकत घेऊन १९२९ मध्ये मोटारसायकल काढली. दोन्ही नावांच्या आद्याक्षरांतून ‘जावा’ हे नाव घडले. भारतात रुस्तम व फरोख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी उभारली आणि साठच्या दशकाच्या आरंभी तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्या ‘येझदी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आले. परंतु जुन्या गाडीची गोडी जाणणारे आजही म्हैसूरचीच जावा शोधतात.

तिची रचनाही वैशिष्ट्यपूर्ण आहे. किक आणि गिअर यांची दांडी एकच. गाडी सुरू झाली की तीच दांडी पुढे वळवून गिअरसाठी वापरायची. २५० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावे लागते, लिटरमागे साधारण ४० मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. अधिक झाले तर धूर वाढतो आणि दोन्ही सायलेन्सरांत काजळी साचते. ही काजळी ठरावीक काळाने काढावीच लागते.

गाडी बंद ठेवल्याने टिकते, हा समज चुकीचा आहे. टाकीत राहिलेले पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटते, टाकी आतून गंजते, टायर उभ्या जागी तडकतात. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून दीर्घकाळ ठेवायची असल्यास टाकी रिकामी करावी; अन्यथा दर आठवड्याला थोडे अंतर चालवावी. जुने भाग फेकून नवे चकचकीत बसवण्यापेक्षा मूळ भाग दुरुस्त करणे हितावह, कारण मूळपण गेले की किंमतही उतरते.

तथापि लोखंडापेक्षा कागद अधिक महत्त्वाचे. इंजिन व चासी क्रमांक आरसी पुस्तकाशी जुळतात का, हे प्रथम पाहावे. कर्ज फिटून चाळीस वर्षे झाली तरी बँकेच्या तारणाची नोंद पुस्तकात तशीच असल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन ती काढून घ्यावी. अन्यथा हस्तांतरण अडते. मालक दिवंगत झाल्यास वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरावयाचा असतो. अनेक घरांत हे राहून गेलेले असते. अशी गाडी नातवाने विम्याशिवाय रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर आजोबांच्या आठवणीपोटी साऱ्या कुटुंबावर भरपाईचा बोजा येऊ शकतो.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून तिची मुदत १० वर्षे आहे. मात्र अशी गाडी केवळ प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर नेता येते. रोज दुकानात नेण्याची इच्छा असेल तर नेहमीची नोंदणी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून, चालू ठेवणेच योग्य.

एवढे सोपस्कार पेलणारा घरात कुणी नसेल, तर गाडी जाणत्या हौशी माणसाला रीतसर विकण्यात कमीपणा नाही. पडवीत गंजू देणे हा तिचा मान नव्हे. ठेवायची ठरल्यास मात्र ती एकाच्याच नावावर करावी आणि तिची स्वतंत्र वही घालावी : तारीख, किलोमीटर, तेल, बदललेला भाग, मिस्त्रीचे नाव, खर्च. गाडी पुढे कुणाच्याही हाती गेली, तरी ही वही तिच्यासोबतच द्यावी.